कांद्याचा हिशोब कुणी केला होता?

१४ सप्टेंबर २०२०, सोमवार. लॉकडाऊनची भीती पूर्ण गेली नव्हती, तरी बाजार समित्या सुरू झाल्या होत्या. रात्री मामूंचा फोन आला. आमचे मामू बागवान, म्हणजे धंद्यानंही आणि आडनावानंही. पिंपळगाव, लासलगावच्या बाजारातून कांदा घ्यायचा आणि बंगालच्या सरहद्दीवरच्या व्यापाऱ्याकडे धाडायचा, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. त्या दिवशी त्यांच्या तीन गाड्या महदीपूरच्या वाटेवर होत्या. महदीपूर मालदा जिल्ह्यात आहे आणि पलीकडे बांगलादेशची सोनामस्जिद. एक गाडी नाक्यावर पोचली होती, दोन वाटेत होत्या. आणि दिल्लीहून आदेश निघाला की कांद्याची निर्यात आजपासून बंद.

मामूंनी मला एकच विचारलं, "तू शिकलेला आहेस. हे ठरवताना त्यांनी काही हिशोब केला असेल ना?"

मी "केला असेल" म्हणालो. तेव्हा तसं म्हणण्यावाचून दुसरं सुचलं नाही.

चार-पाच दिवसांनी सरकारनं, ज्यांची कस्टमची कागदपत्रं आधीच झाली होती असा २५ हजार टन माल जाऊ दिला. मामूंची पहिली गाडी त्यात बसली. पण ताडपत्रीखाली, सप्टेंबरच्या दमट हवेत, कांदा तोवर वाट बघत बसत नाही. त्याला पाणी सुटलं होतं. पलीकडच्या व्यापाऱ्यानं निम्मा माल उतरवूनच घेतला नाही. बाकीच्या दोन गाड्यांचा कांदा सिलिगुडीत मिळेल त्या भावानं विकला. ड्रायव्हरचं भाडं मात्र पूर्ण द्यावं लागलं, आणि ते रास्तच होतं.

मामूंचा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. निर्यातबंदी चूक की बरोबर, हा वाद मी इथे घालणार नाही. शहरातल्या हातावर पोट असलेल्या बाईला कांदा ऐंशी रुपये किलोनं घ्यावा लागू नये, हे मला मान्य आहे. माझी अम्मीसुद्धा भाव चढला की भाजीत कांदा अर्धा करते. प्रश्न एवढाच आहे की निर्णय घेण्यापूर्वी कुणीतरी बसून आकडेमोड करायला हवी होती, ती झाली का? चाळीत किती कांदा आहे? त्यातला किती सडेल? खरिपाची लागवड किती झाली आणि पावसानं किती गेली? बंदी घातली तर मुंबईत भाव किती उतरेल आणि लासलगावात किती? ढाक्याचा व्यापारी मग कुणाकडे जाईल आणि परत येईल का? अशी उत्तरं लिहून कुणी मंत्र्याच्या टेबलावर ठेवली होती का?

मला वाटतं, नव्हती. आणि ठेवली असतील तर ती आपण कुणी पाहिलेली नाहीत, म्हणजे ती तपासताही येत नाहीत.

जरा मागचं बघा. सप्टेंबर २०१९ मध्ये आधी टनाला ८५० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, पंधरवड्यात पूर्ण बंदी आणि व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादा आली. मार्च २०२० मध्ये बंदी उठली, सप्टेंबरमध्ये पुन्हा घातली, १ जानेवारी २०२१ ला पुन्हा उठली. २०२३ च्या फेब्रुवारीत भाव असा कोसळला की बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या हातात ५१२ किलो कांद्याचे सगळा खर्च वजा जाता २ रुपये पडले. देशभर ती बातमी गाजली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर ८०० डॉलरचं किमान मूल्य, डिसेंबरात बंदी. ४ मे २०२४ ला, ऐन लोकसभेच्या मतदानाच्या काळात, बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरमध्ये शुल्क निम्म्यावर आलं. १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. एकाच पिकाबद्दल साडेपाच वर्षांत इतक्या वेळा दिशा बदलते, तेव्हा तिथे धोरण नसतं. भाव वर गेला की ब्रेक, खाली आला की ब्रेक सोडायचा, एवढंच असतं.

आता मी ज्या देशाचं उदाहरण देणार आहे त्याचं नाव आपल्याकडे सध्या शिवीसारखं वापरलं जातं. गल्लीतल्या फेरीवाल्याला, बांधकामावरच्या मजुराला "बांगलादेशी" म्हटलं की पुढचं काही सिद्ध करावं लागत नाही. पण शेतीच्या धोरणाचा हिशोब सरकारच्या आत बसून कसा करावा, याचा एक चांगला धडा ढाक्यातच गिरवला गेलेला आहे. ज्यांना नावाची अडचण वाटते त्यांनी नाव झाकून वाचावं.

१९७४ साली तिथे मोठा दुष्काळ पडला. पूर आले, अमेरिकेनं धान्याची मदत अडवून धरली, कारण बांगलादेशनं क्यूबाला तागाच्या गोण्या विकल्या होत्या. पण अमर्त्य सेन यांनी पुढे १९८१ च्या आपल्या पुस्तकात जे दाखवलं ते जास्त अस्वस्थ करणारं होतं. त्या वर्षी देशात दरडोई धान्य आजूबाजूच्या वर्षांपेक्षा कमी नव्हतं, उलट जास्तच होतं. पुरानं पीक जाणार या धास्तीनं भाव चढले, शेतमजुरांचं काम बुडालं, आणि धान्य असताना माणसं मेली. त्या सरकारला आपल्या देशात किती धान्य आहे, कुणाच्या घरात आहे आणि मजुराची मजुरी किती किलो तांदूळ विकत घेते, याचा रोजचा अंदाज असता तर? हा प्रश्न त्या देशानं मनावर घेतला.

अन्न मंत्रालयात एक छोटा कक्ष होता, अन्न नियोजन आणि देखरेखीचा. सरकारी नोकर, थोडे अर्थतज्ज्ञ, आणि बाजारभावांच्या रोजच्या नोंदी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेची माणसं ढाक्यात बसून मंत्रालयाबरोबर काम करू लागली. त्यांचं नेतृत्व रईसुद्दीन अहमद यांच्याकडे होतं, ते स्वतः बांगलादेशी. या लोकांनी पहिल्यांदा ग्रामीण रेशनचा, तिकडच्या भाषेत ‘पल्ली रेशनिंग’चा, हिशोब मांडला. गरिबांच्या नावानं निघणाऱ्या धान्यापैकी सुमारे ७० टक्के गरिबांपर्यंत पोचतच नव्हतं. हा आकडा गावातल्या प्रत्येकाला माहीत होता, पण कागदावर नव्हता. तो कागदावर आल्यावर १९९२ मध्ये ती योजना बंद झाली. आणि पुढच्याच वर्षी एक नवीन योजना आली. गरिबाघरचं मूल प्राथमिक शाळेत हजर राहिलं तर त्या घराला गहू किंवा तांदूळ. लाखो मुलं शाळेत गेली, त्यात मुली फार. पुढे तिच्यातही गळती सापडली आणि धान्याऐवजी रोख रक्कम द्यायचं ठरलं. योजना वाईट निघाली यात नवल नाही, ती मोजली गेली आणि बदलली, हे महत्त्वाचं.

खरी परीक्षा १९९८ ला झाली. जुलै ते सप्टेंबर दोन महिन्यांहून जास्त काळ पूर होता, देशाचा दोन तृतीयांश भाग पाण्याखाली गेला. भाताचं वीस लाख टनांहून अधिक नुकसान झालं. १९७४ ची आठवण सगळ्यांना होती. अशा वेळी सरकारं काय करतात हे आपण जाणतो. व्यापाऱ्यांवर छापे घालायचे, गोदामांना सील ठोकायचं, मंत्र्यानं टीव्हीवर येऊन "साठेबाजांची गय केली जाणार नाही" म्हणायचं.

ढाक्यानं तसं केलं नाही, कारण त्या कक्षाकडे एक साधी बेरीज तयार होती. हिंदुस्थानातल्या घाऊक बाजारात साधा तांदूळ कितीला आहे, त्यात सरहद्दीपर्यंतचं भाडं, हमाली, पोती, कस्टमचा खर्च, व्यापाऱ्याचा नफा मिळवला तर तो तांदूळ ढाक्यात कितीला पडेल? ढाक्यातला भाव या रकमेच्या वर गेला की व्यापारी आपण होऊन माल आणणार. खाली आला की थांबणार. म्हणजे सरहद्द उघडी असेल तोवर भावाला वरून एक छत आहे. भारतानं १९९४ मध्ये साध्या तांदळाच्या निर्यातीवरची बंधनं काढली होती, आणि बांगलादेशनंही त्याच सुमारास खाजगी आयातीला मोकळीक दिली होती. तेव्हा सरकारनं ठरवलं की आपण स्वतः थोडंच आयात करायचं, आयात शुल्क काढून टाकायचं, नाक्यावरची अडवणूक कमी करायची आणि व्यापाऱ्याला पळवून लावायचं नाही. सरकारी साठ्यातलं धान्य पूरग्रस्त घरांना द्यायचं. शेकडो लहान व्यापाऱ्यांनी ट्रकनं, रेल्वेनं वीस लाख टनांहून जास्त तांदूळ सरहद्दीपलीकडून आणला. भाव त्या छताच्या आसपास राहिला. लोकांचे हाल झाले, कर्जं झाली, लहान मुलांचं वजन घटलं, हे सगळं त्याच अभ्यासात नोंदलं आहे. पण १९७४ पुन्हा घडलं नाही.

ही बेरीज मामू रोज करतात. सकाळी लासलगावचा भाव, गाडीचं भाडं, तूट, नाक्यावरचा खर्च, आणि पलीकडचा भाव. फरक एवढाच की ढाक्यात १९९८ साली ही बेरीज सरकारच्या आतसुद्धा कुणीतरी करत होतं, आणि मंत्री ती वाचत होता.

यात कौतुकाबरोबर एक खोचही आहे. हा सगळा अभ्यास बराचसा अमेरिकेच्या मदतीच्या पैशातून उभा राहिला होता. गरीब देशांत असंच होतं. चार-पाच वर्षांचा प्रकल्प येतो, संगणक येतात, दहा पोरं-पोरी परदेशात जाऊन शिकून येतात. प्रकल्प संपतो. सरकारी पगारावर राहायला त्यांच्यातलं कुणी तयार नसतं, ती जागतिक बँकेत किंवा एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेत जातात. जे राहतात त्यांची बदली होते, काल शेतीचे भाव बघणारा आज क्रीडा खात्यात. मग पुढच्या संकटाला पुन्हा बाहेरचा सल्लागार. त्याचं विमानाचं भाडं देशातल्या दोन संशोधकांच्या वर्षाच्या पगाराइतकं.

आणि कक्षच नसेल किंवा त्याचे आकडे खोटे असतील तर काय होतं? मलावीत २००१ मध्ये मक्याचं पीक कमी आलं, पण सरकारी आकड्यांत कसावासारख्या कंदांचं उत्पादन भरमसाट फुगवलेलं होतं. सगळं मिळून पुरेल असं कागदावर दिसलं. राखीव साठ्यातला मका तोवर विकून टाकला होता. २००२ च्या सुरुवातीला माणसं उपाशी मेली. श्रीलंकेत २०२१ ला राष्ट्राध्यक्षांनी एका फटक्यात रासायनिक खतांची आयात बंद केली, सात महिन्यांत निर्णय मागे घ्यावा लागला. तांदळात स्वयंपूर्ण असलेल्या देशाला तांदूळ आयात करावा लागला. तिथे शेतीशास्त्रज्ञ नव्हते असं नाही. त्यांनी ओरडून सांगितलं होतं. त्यांना विचारायचं कुणाला बांधील नव्हतं.

आता आपल्याकडे येऊ. भारताला कुणी "क्षमता उभारा" म्हणून शिकवावं अशी आपली स्थिती नाही, आणि हेच मला जास्त लागतं. पुण्यात १९३० साली गोखले संस्था उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. त्यांनी वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची पाहणी करून ती छापली तेव्हा अजून इंग्रजांचं राज्य होतं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पिकाचा अंदाज नमुना पद्धतीनं कसा काढायचा हे बसवून दिलं. त्यावरून त्यांचा आणि महालनोबिसांचा मोठा वाद झाला. महालनोबिस म्हणायचे, स्वतंत्र प्रशिक्षित माणसं नेमा. सुखात्मे म्हणायचे, गावात महसूल आणि शेती खात्याची माणसं आहेतच, त्यांनाच नीट शिकवा, म्हणजे हे ज्ञान सरकारात मुरेल. पुढे सुखात्मे रोमला जाऊन संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचे सांख्यिकी प्रमुख झाले. जगातल्या गरीब देशांना मोजायला शिकवणारा माणूस सातारा जिल्ह्यातला होता. १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग आला, मुंबई विद्यापीठात शिकवणारे दांतवाला त्याचे पहिले अध्यक्ष. पिकांच्या उत्पादन खर्चाची माहिती गोळा करायचं काम गेली पन्नासेक वर्षं कृषी विद्यापीठं करत आली आहेत, आपल्याकडे राहुरीचं.

म्हणजे माणसं आहेत, पद्धत आहे, परंपरा आहे. पण आयोग ज्या तेवीस पिकांच्या भावाची शिफारस करतो त्यांत कांदा नाही. कांद्याचं भवितव्य ग्राहक खात्याच्या फायलीवर ठरतं आणि वाणिज्य मंत्रालयाची अधिसूचना रात्री निघते. ग्राहक खात्याचं कामच शहरातला भाव बघणं आहे, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. लासलगावचं गणित त्या खोलीत कुणी मांडत नाही.

मुळातली मोजणीही कच्ची आहे. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये चाळीत जातो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत थोडा थोडा बाहेर येतो. या काळात वजनातली घट, सड आणि कोंब धरून चौथा हिस्सा सहज जातो, वाईट वर्षी त्याहून जास्त. सरकारकडे लागवडीचे आणि उत्पादनाचे अंदाज असतात. पण ऑगस्टच्या पंधरा तारखेला नाशिक जिल्ह्यातल्या चाळींमध्ये नेमका किती चांगला कांदा शिल्लक आहे, हे कुणी नियमित मोजून जाहीर करत नाही. बंदी घालायची की नाही हे खरं तर याच एका आकड्यावर ठरायला हवं. सुखात्म्यांच्या पद्धतीनं निवडक गावांतल्या शे-दोनशे चाळी दर पंधरवड्याला उघडून वजन केलं तरी तो कळेल. त्याला उपग्रह लागत नाही, वजनकाटा लागतो.

ई-पीक पाहणीचं ॲप २०२१ च्या स्वातंत्र्यदिनापासून राज्यभर आलं. कल्पना चांगली आहे, शेतकऱ्यानं स्वतः आपल्या पिकाची नोंद करायची. पण २०२३ ला राज्यानं क्विंटलमागे ३५० रुपये कांदा अनुदान जाहीर केलं आणि सातबाऱ्यावर नोंद असल्याची अट घातली, तेव्हा शिवारात रेंज नाही म्हणून, किंवा नोंद कशी करायची कळलं नाही म्हणून ज्यांची नोंदच नव्हती ते तलाठ्याच्या दारात उभे राहिले. शेतकऱ्याला आपल्या आकड्यानं आपलं नुकसान होतं किंवा फायदा अडतो असं वाटलं, की तो आकडा खोटा व्हायला लागतो. मलावीची गोष्ट मी उगाच सांगितली नाही.

आणि आपल्या निर्णयांचा हिशोब दुसऱ्यांनाही चुकता करावा लागतो. ढाक्याचं ते छत भारताच्या उघड्या सरहद्दीवर टेकलेलं होतं. २००८ च्या एप्रिलमध्ये भारतानं साध्या तांदळाची निर्यात बंद केली, सिद्र चक्रीवादळानंतर जेमतेम पाच महिन्यांनी, आणि ते छतच उडालं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा भर सभेत हसत हसत म्हणाल्या होत्या की मी आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितलंय, पुढच्या वेळी निदान आधी कळवा. सभागृह हसलं. वर्ष उलटायच्या आत, न कळवता, दुसरी बंदी आली. त्यानंतर त्यांनी म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तान असे दरवाजे शोधले आणि स्वतःच्या शेतकऱ्याला कांदा लावायला लावला. २०२३ च्या मार्चमध्ये, त्यांचा कांदा निघताना, त्यांनी आयात परवाने थांबवले. भाव चढल्यावर जूनमध्ये पुन्हा सुरू केले. आता बेरीज तेही करतात, आणि त्या बेरजेत नाशिकचा शेतकरी नडीला धावणारा पुरवठादार झाला आहे, भरवशाचा नाही.

यात आमच्यासारख्या घरांचा एक सल आहे, तो बोलून टाकतो. भाव वाढला की बागवान, आडत्या, व्यापारी हे एका रात्रीत साठेबाज ठरतात. नाव मुसलमानाचं असलं तर त्यात आणखी चार शब्दांची भर पडते. साठेबाजी होतच नाही असं मी म्हणणार नाही, मी त्याच घरात वाढलोय. पण कुठे व्यापारी माल दाबतोय आणि कुठे पावसानं माल सडून खरोखरच टंचाई आहे, हे सांगणारा आकडा सरकारकडे नसेल तर आरोप हाच आकड्याची जागा घेतो. १९९८ ला ढाक्यानं व्यापाऱ्याला चोर ठरवलं असतं तर तो तांदूळ आलाच नसता.

माझी मागणी फार मोठी नाही. निर्यातीवर बंदी, शुल्क, किमान मूल्य, साठा मर्यादा यांपैकी काहीही करायचं असेल तर त्या अधिसूचनेबरोबर दोन पानांचं टिपण जाहीर झालं पाहिजे. शिल्लक साठा किती, भावावर किती परिणाम अपेक्षित, शेतकऱ्याचं अंदाजे नुकसान किती आणि ते कसं भरून देणार, निर्णयाचा फेरविचार कधी. खाली टिपण लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव. सहा महिन्यांनी त्याच टिपणाशेजारी प्रत्यक्ष काय झालं ते छापायचं. हे काम करणारी पंधरा-वीस माणसं कायम नोकरीत हवीत, ज्यांची तीन वर्षांनी बदली होणार नाही, आणि त्यातली काही नाशिकला, सोलापूरला बसलेली हवीत. आणि ज्या गाड्या आदेशाच्या दिवशी रस्त्यात आहेत त्या जाऊ द्यायच्या. याला तर कुठल्या अर्थशास्त्राचीही गरज नाही.

मामूंनी सरहद्दीचा धंदा २०२१ नंतर सोडला. आता ते कांदा पुण्याला आणि हैदराबादला पाठवतात, नफा कमी आहे पण झोप लागते. परवा मी गेलो तेव्हा त्यांची जुनी वही पाहिली. सप्टेंबर २०२०च्या पानावर तीन गाड्यांचे नंबर, भाडं, तूट, आणि पुढे सिलिगुडीचा भाव. नुकसानीची रक्कम त्यांनी लिहिलेली नाही, ती जागा मोकळी आहे. मी विचारलं, इथे का नाही लिहिलं? म्हणाले, "कुणाकडे मागायची होती?"